दफ्तरात राहिलेले गुरुजन

महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जाऊन तिथल्या एखाद्या जाणत्या गृहस्थाला गावाचा इतिहास विचारला, तर तो प्रथम ग्रामदैवताची कथा सांगतो, मग गढीची किंवा वाड्याची हकीकत सांगतो, पेठ कोणी वसविली, आगगाडी केव्हा आली, कापसाचा बाजार कसा वाढला हे सांगतो. परंतु ज्या शाळेने त्याला अक्षरओळख दिली त्या शाळेचा इतिहास विचारला, की संस्थापकाचे नाव, कोनशिलेवरची तारीख आणि इमारतीला देणगी देणाऱ्या शेटजींचा उल्लेख एवढ्यावर त्याचे सांगणे संपते. त्याच गृहस्थाला, "तुम्हांला शिकवायला कोण होते?" असा साधा प्रश्न केला, तर मात्र त्याचा चेहरा उजळतो आणि तासभर तो बोलत राहतो. गणिताचे अमुक मास्तर, संस्कृतचे तमुक शास्त्रीबुवा, फी भरायला पैसे नव्हते तेव्हा हेडमास्तरांनी मिळवून दिलेली नादारी, परीक्षेच्या आदल्या रात्री घरी बोलावून शिकविलेली भूमिती, असे एकामागून एक निघत जाते. शाळेचा खरा इतिहास हाच आहे, आणि तोच लिहिला जात नाही. इमारतीचा वृत्तांत संस्थेच्या अहवालात सुरक्षित राहतो. शिक्षकाचा वृत्तांत विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहतो आणि विद्यार्थ्यांबरोबरच निघून जातो.

याला अपवाद ठरलेले एक गाव म्हणजे खानदेशातले अमळनेर. बोरी नदीच्या काठचे हे जळगाव जिल्ह्यातले तालुक्याचे ठिकाण. संत सखाराम महाराजांच्या संस्थानामुळे आणि वैशाखातल्या त्यांच्या रथोत्सवामुळे वारकऱ्यांना ते फार पूर्वीपासून परिचित होते. भोवतालचा मुलूख कापसाचा, घराघरांतली बोली अहिराणी. श्रीमंत प्रतापशेठ यांच्या गिरणीने गावाला उद्योगाचे वळण दिले आणि त्यांच्याच औदार्याने १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन झाले. शांकर वेदान्ताचा अभ्यास करण्यासाठी देशाच्या दूरदूरच्या प्रांतांतून विद्वान या लहानशा गावात येऊन राहत असत, ही गोष्ट आज सांगितली तरी पुष्कळांना नवल वाटते. पुढे १९४५ मध्ये वनस्पती तुपाचा जो कारखाना येथे निघाला, त्यातूनच आजची विप्रो कंपनी उभी राहिली. परंतु मराठी माणसाच्या मनात अमळनेरचे नाव जे रुजले आहे ते गिरणीमुळे नाही आणि कारखान्यामुळेही नाही. ते रुजले आहे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेतल्या, म्हणजे पुढच्या प्रताप हायस्कूलमधल्या, एका शिक्षकामुळे, आणि तो शिक्षक त्या शाळेत होता अवघी सहा वर्षे.

त्या काळच्या अशा शाळांची घडण समजून घेतल्यावाचून त्या सहा वर्षांचे मोल कळणार नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने सरकारी अनुदानाची, म्हणजे ग्रँटची, पद्धत सुरू झाली, आणि पुढच्या काही दशकांत लोकांनी वर्गणी जमवावी, एखाद्या धनिकाने जागा किंवा मोठी रक्कम द्यावी, मुलांच्या फीमधून शिक्षकांचे पगार भागवावेत आणि उरलेली तूट ग्रँटने भरून निघावी, या शिरस्त्याने जिल्ह्याजिल्ह्यांतून खाजगी हायस्कुले उभी राहिली. मराठी चौथीपर्यंतचे शिक्षण मुलाला आपल्या खेड्यात किंवा जवळपास मिळे. पण इंग्रजी पहिलीपासून सातवीपर्यंतच्या, म्हणजे मॅट्रिकपर्यंतच्या, शिक्षणासाठी त्याला घर सोडून कसब्याच्या गावी यावे लागे. दहाबारा वर्षांचे ते पोर एखाद्या नातलगाच्या ओसरीवर राही, वार लावून जेवी किंवा माधुकरी मागे, आणि सहामाही परीक्षेत घसरले तर नादारी जाईल या धास्तीने कंदिलाच्या उजेडात घोकंपट्टी करी. अशा मुलांसाठी शाळेला जोडून छात्रालय असणे ही फार मोठी सोय होती. परंतु छात्रालय चालविणे हे शिक्षकाच्या दृष्टीने बिनमोबदल्याचे, चोवीस तासांचे आणि तक्रारींनी भरलेले काम असे, आणि ते सहसा कोणी आपण होऊन अंगावर घेत नसे.

पांडुरंग सदाशिव साने हे १९२४ च्या जूनमध्ये या शाळेत शिक्षक म्हणून दाखल झाले. दापोली तालुक्यातल्या पालगड गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी त्यांचा जन्म झाला होता. शिक्षणासाठी घर सोडणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. गरीब विद्यार्थ्यांची तिथे सोय होते असे ऐकून ते औंधला गेले होते, हाताने स्वयंपाक करून, प्रसंगी उपाशी राहून शिकले होते, आणि प्लेगमुळे तेथूनही त्यांना निघावे लागले होते. तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते एम. ए. झाले. अमळनेरला ते प्रथम आले ते तत्त्वज्ञान मंदिरात, अभ्यासक म्हणून. परंतु जगाच्या मिथ्यात्वाची चर्चा करीत शांतपणे बसणे त्यांच्या मनोधर्मात नव्हते. ते शाळेत गेले, आणि काही काळाने छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. माझ्या मते, ती जबाबदारी त्यांच्या हाती आली तो क्षण मराठी वाङ्मयाच्या इतिहासातही नोंदवून ठेवण्यासारखा आहे.

छात्रालयात त्यांनी काय केले हे त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढे पुनःपुन्हा सांगितले आहे. मुले शाळेला गेली की ते खोल्यांतून हिंडत. कोणाचे अंथरूण तसेच पसरलेले असे, ते घडी करून ठेवीत. कोणाच्या कंदिलाची काच काजळलेली असे, ती पुसून लख्ख करीत. कपडे इतस्ततः पडलेले असत ते उचलून, झटकून जागच्या जागी लावीत. कोणाला बोल लावीत नसत, दंड करीत नसत, नियमांची पाटीही भिंतीवर टांगीत नसत. मुले परत येत तो खोली आवरलेली दिसे. पहिले काही दिवस त्यांना त्याची मौज वाटली असेल. पुढे लाज वाटू लागली. आणि मग गुरुजींच्या आधी आपणच खोली आवरली पाहिजे अशी चढाओढ त्यांच्यात लागली. आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र काढीत, आणि पगारातला पुष्कळसा भाग गरजू मुलांच्या फीवर आणि पुस्तकांवर जाई. शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत शिस्तीच्या मीमांसेला प्रकरणेच्या प्रकरणे दिलेली असतात. अमळनेरच्या छात्रालयातली शिस्त एका पुसलेल्या काचेपासून सुरू झाली.

त्याहूनही महत्त्वाचे, आणि त्या मानाने कमी बोलले जाणारे, त्यांचे दुसरे कार्य म्हणजे 'छात्रालय दैनिक'. हे दैनिक छापलेले नसे. गुरुजी ते स्वतःच्या हाताने लिहीत आणि मुलांना वाचण्यासाठी लावून ठेवीत. जगातल्या घडामोडी, थोर स्त्री-पुरुषांची चरित्रे, एखाद्या शास्त्रीय शोधाची माहिती, इतिहासातला प्रसंग, कवितेचा आस्वाद, आणि छात्रालयातल्या कोणा मुलाने केलेल्या लहानशा चांगल्या कृत्याचे कौतुक, हे सारे त्यात असे. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. शाळेत तास घ्यायचे, वह्या तपासायच्या, छात्रालयाचा हिशेब आणि मुदपाकखाना सांभाळायचा, आणि हे सर्व करून चार भिंतींच्या आत राहणाऱ्या मूठभर पोरांसाठी रोज नवा मजकूर लिहायचा, ज्याची प्रत एकच निघणार, ज्याला वर्गणी नाही, जाहिरात नाही आणि उद्याच्या अंकाखाली जो झाकला जाणार हे ठाऊक असते! खेड्यातून आलेल्या ज्या मुलाच्या घरी वर्तमानपत्र कधी आलेच नव्हते, त्याच्यासाठी मात्र जगाकडे उघडणारी तीच खिडकी होती. पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिकही त्यांनी काढले. पण त्याचे मूळ या हस्तलिखितातच आहे.

१९३० च्या एप्रिल महिन्यात, मिठाच्या सत्याग्रहाने देश ढवळून निघाला असता, त्यांनी शाळा सोडली आणि चळवळीत उडी घेतली. त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक अशी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि ती बोलता बोलता लिहून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले; 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज आपल्याला उपलब्ध आहे तो त्या लेखणीमुळे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' त्यांनी अवघ्या पाच दिवसांत लिहून काढले. या झपाट्याचे आश्चर्य सर्वांनीच केले आहे, आणि भावनेच्या उत्कटतेने त्याचा उलगडा करण्याचा प्रघात आहे. उत्कटता होतीच, परंतु वर्षानुवर्षे मुलांसाठी रोज लिहिणाऱ्या, रोज रात्री मुलांना गोष्टी सांगणाऱ्या शिक्षकाचा हातही त्यामागे होता, हे विसरून चालणार नाही. त्या पुस्तकाची मांडणीच पाहावी: प्रकरणांना तिथे 'रात्र' म्हटले आहे, आश्रमातली संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर मुले भोवती जमतात आणि श्याम बोलू लागतो. ही आश्रमातली रात्र अमळनेरच्या छात्रालयातून आलेली आहे असे मला वाटते. 'धडपडणारी मुले' या कादंबरीत तर छात्रालयाचे जीवन उघडच उतरले आहे. महाराष्ट्राच्या घरोघरी पोचलेले हे साहित्य एका लहान गावातल्या शाळेच्या पोटी जन्मले आहे.

गावानेही ही आठवण जपली. १९५२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला भरले, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सत्त्याण्णवावे संमेलन पुन्हा तिथेच भरले, तेव्हा साहित्यरसिकांची पावले गुरुजींच्या खुणा शोधीत शाळेकडे आणि तत्त्वज्ञान मंदिराकडे वळली. हे सर्व उचितच आहे. परंतु येथे एक प्रश्न मनात येतो आणि तो टाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९२४ ते १९३० या काळात त्या शाळेत साने गुरुजी एकटेच शिकवीत नव्हते. शेजारच्या वर्गात कोणीतरी गणित शिकवीत होता, कोणी इंग्रजी व्याकरणाची कवायत करून घेत होता, कोणी चित्रकलेचा, कोणी कसरतीचा तास घेत होता. त्यांतले कितीक त्याच शाळेत तीस-तीस वर्षे राहिले असतील, आणि तिथूनच निवृत्त झाले असतील. साने गुरुजी आपल्याला माहीत आहेत, कारण ते स्वतः लिहिणारे होते, त्यांचे विद्यार्थी लिहिणारे निघाले आणि राष्ट्राच्या इतिहासात त्यांचे नाव गोवले गेले. इतरांपाशी यांपैकी काहीच नव्हते. त्यांच्या आयुष्याचा पुरावा उरला आहे तो शाळेच्या दफ्तरात, मस्टरावरच्या सह्यांत, निकालपत्रकांच्या तळाशी आणि जनरल रजिस्टरातल्या हस्ताक्षरात.

या दफ्तराचे महत्त्व किती, हे साताऱ्याच्या एका उदाहरणावरून कळेल. तिथल्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाला इंग्रजी पहिलीत दाखल करण्यात आले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. कोणा कारकुनाने किंवा शिक्षकाने नित्याच्या कामात, दौतीत टाक बुडवून, इतर पाचपन्नास नावांप्रमाणेच ते नाव लिहिले असेल. त्या ओळीचे भवितव्य त्याला कुठे ठाऊक असणार! पण रजिस्टर टिकले म्हणून ती ओळ टिकली, आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून पाळण्यास सुरुवात केली. साताऱ्याच्या शाळेतल्या आंबेडकर आडनावाच्या एका शिक्षकांची आठवण या मुलाने, म्हणजे पुढच्या बाबासाहेबांनी, आयुष्यभर जपली. मधल्या सुटीत ते शिक्षक आपल्या डब्यातले अन्न या मुलाला देत असत. ज्या काळी वर्गात त्याला इतरांपासून वेगळे बसावे लागे आणि पाण्याच्या भांड्याला हात लावता येत नसे, त्या काळी दिलेली ती भाजी-भाकरी होती. त्या शिक्षकाने किती तास घेतले आणि कोणता अभ्यासक्रम पुरा केला, हे कोणी विचारीत नाही. त्याच्या डब्याची मात्र इतिहासाने नोंद ठेवली, कारण ज्याला तो मिळाला त्याने ती आठवण बोलून दाखविली.

शाळेचे जनरल रजिस्टर ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी एकदा तरी हेडमास्तरांच्या अनुमतीने पाहावे. जाड पुठ्ठ्याची बांधणी, कडेने कुरतडलेली रुंद पाने, आणि पानभर आडवे रकाने: अनुक्रमांक, विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी व अक्षरी, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, अभ्यासातील प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण, शेरा. जन्मतारखेच्या रकान्यात एक जून, एक जून, एक जून अशी एकाखाली एक तीच तारीख येताना दिसते. ज्या घरात जन्माची तारीख कोणी लिहून ठेवली नव्हती, त्या घरातल्या पोराला गुरुजींनी वय अंदाजून, शाळेत बसण्याच्या वयाला जुळेल अशी तारीख दिली, आणि पुढे नोकरीपासून निवृत्तीपर्यंत त्याचे सारे आयुष्य त्या तारखेवर चालले. महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणारी माणसे एवढी का भेटतात, याचे कारण या रकान्यात आहे. त्याच्याही पुढचा, शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना वाचताना मन जड होते. 'घरकामासाठी', 'गैरहजर', 'परगावी गेले', एवढेच एक-दोन शब्द. दुष्काळ, साथ, बापाचा मृत्यू, मुलीचे लग्न, सारे त्या एक-दोन शब्दांत कोंबलेले. गावाचा सामाजिक इतिहास याहून विश्वसनीय अन्य कोणत्या कागदात मिळेल?

हे कागद आता फार काळ टिकणार नाहीत. जनरल रजिस्टर कायमस्वरूपी जतन करण्याचा दंडक असल्यामुळे ते तरी बहुतेक ठिकाणी कपाटात आहे. परंतु जुने हजेरीपट, शिक्षकांची मस्टरे, तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांची पुस्तके, स्नेहसंमेलनांची कार्यक्रमपत्रके, मुलांची हस्तलिखित मासिके, ही सामग्री दर काही वर्षांनी जागेअभावी रद्दीत जाते. कित्येक ठिकाणी सर्वांत जुन्या नोंदी मोडी लिपीत आहेत, आणि त्या अस्खलित वाचू शकणारी माणसे गावागणिक कमी होत चालली आहेत. वाळवी आणि ओल यांचा जाच आहे तो वेगळाच.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला किंवा शतकमहोत्सवाला माजी विद्यार्थी दूरदूरहून येतात, वृद्ध शिक्षकांना व्यासपीठावर बसवितात, शाल-श्रीफळ अर्पण करतात, पाया पडताना कित्येकांचे डोळे भरून येतात. हा भाव अस्सल आहे, आणि त्याला नावे ठेवण्याची माझी मुळीच इच्छा नाही. १९६२ पासून ५ सप्टेंबरला साजरा होणारा शिक्षक दिन असो की आषाढातली गुरुपौर्णिमा असो, कृतज्ञता व्यक्त करण्यास निमित्त लागते आणि ते असणे चांगलेच. माझी तक्रार एवढीच आहे, की त्या प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत शुभेच्छा-संदेश असतात, पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे असतात, जाहिराती असतात. आणि शाळा स्थापन झाल्यापासून आजवर तिथे कोणी कोणी शिकविले, केव्हा आले, केव्हा गेले, कोणता विषय शिकविला, याची साधी यादी त्यात क्वचितच सापडते. जे हयात आहेत त्यांना शाल मिळते. जे गेले त्यांचे नाव उच्चारणारे कोणी नसते. ज्या हेडमास्तरांनी ग्रँट बंद पडली तेव्हा दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली, ज्या मास्तरांनी मुलगी शाळेतून काढू नये म्हणून तिच्या बापाची मनधरणी केली, त्यांची हकीकत आज सांगता येईल अशी माणसे ऐंशीच्या घरात आहेत.

तेव्हा ज्यांना आपल्या शाळेविषयी आणि गुरुजनांविषयी खरोखर आस्था आहे, त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या मेळाव्याच्या खर्चातून काही रक्कम बाजूला काढा. मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन जुन्या रजिस्टरांची आणि शेरेबुकांची पानन् पान छायाचित्रे करून घ्या, आणि त्यांची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयात ठेवा. विद्यार्थ्यांची खाजगी माहिती चव्हाट्यावर येणार नाही याची काळजी घ्या. शिक्षकांची नावे मात्र अवश्य प्रसिद्ध करा. मोडी जाणणारा कोणी जवळपास असेल तर त्याला मानधन देऊन बोलवा. गावातल्या सर्वांत वृद्ध माजी विद्यार्थ्यांकडे वही घेऊन बसा आणि एकच विचारा, की तुम्हांला कोणी शिकविले आणि त्यांनी तुमच्यासाठी काय केले. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत, गावाच्या बोलीत उतरवून घ्या. शिपाई, स्वयंपाकीण, छात्रालयाचा आचारी यांचीही नावे विचारायला विसरू नका. या सर्व कामाला मोठी इमारत लागत नाही, सरकारी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. चार-पाच चिकाटीची माणसे आणि एका उन्हाळ्याची सुटी एवढे पुरेसे आहे. जून महिन्यात शाळा उघडल्या की नवी नावे रजिस्टरात चढू लागतील. त्याआधी जुनी वाचून काढा.